व्यवसाय : गृहिणी

सुरुवात चपलेपासून झाली. शांती नगरच्या मार्केटातून भाजी घेऊन मी घरी आले, तर लेकीनं, इशितानं, दार उघडलं आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "आई, एक चप्पल कुठे गेली?" डाव्या पायात चप्पल नव्हती. कधी निसटली, कुठे निसटली, मला पत्ता नव्हता. पाऊल काळं झालेलं, टाचेला काच लागून रक्तही आलेलं, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी इशितावरच उखडले. म्हटलं, अंगठा तुटला म्हणून टाकून दिली, तू आधी पिशवी घे हातातली. धडधडीत खोटं. पण खोटं बोलायला मला तोवर काही कष्ट पडत नव्हते. चांगला चार वर्षांचा सराव होता.

कसला सराव ते आधीच सांगून टाकते. लपवाछपवी आयुष्यात पुष्कळ झाली.

आम्ही मूळचे परळचे. इशिता लहान असताना चाळीतली खोली विकून इथे मीरा रोडला वन बीएचके घेतला, तेव्हा सासरच्यांनी "एवढ्या लांब?" म्हणून नाकं मुरडली आणि पुढे दर मे महिन्यात आमच्याकडेच येऊन राहिले. माझे मिस्टर, सुभाष, अंधेरीला एका एक्स्पोर्ट कंपनीत अकाउंट्सला होते. पगार बरा, दिवाळीला बोनस, शिवाय तिघांचा मेडिक्लेम. त्याचं कार्ड ह्यांच्या पाकिटात असायचं आणि मी आपली निर्धास्त. कार्ड चालू होतं तोवर घरात कुणाला साधा मलेरिया झाला नाही. मग कंपनी बंद पडली. चार महिने हे रोज डबा घेऊन निघायचे आणि नोकरी शोधून परत यायचे. शेवटी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात हिशेब लिहायचं काम मिळालं, निम्म्या पगारावर. मेडिक्लेमचं विचारलं तर शेठ हसला म्हणे. स्वतःचा काढू, पुढच्या महिन्यात काढू, असं म्हणत आम्ही दिवस काढले, आणि पाय बधिर झाल्यावर एजंटला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काकी, झालेल्या आजाराला कोण देणार?" कंपनी बंद पडल्याचं ह्यांनी आपल्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. जुनं कार्ड अजून पाकिटात आहे.

नोकरी गेली त्याच दिवसांत मी डब्यांचं काम धरलं. सोनाराकडे अंगठी घेतली की ती ज्या डबीत घालून देतात, तिला आतून मखमल चिकटवायची. भाईंदरच्या गाळ्यांमधून हा माल बायकांना घरी मिळतो. कोऱ्या डब्या, मखमलीचे कापलेले तुकडे आणि सोल्युशनचा डबा. सोल्युशन म्हणजे चपलेच्या सोलला लावतात ते, पिवळं, उग्र वासाचं. ब्रशनं फासायचं, जरा सुकू द्यायचं आणि दाबायचं. मला काम आवडायचंही. कोपऱ्यात मखमल सुरकुती न पडता बसली की जिवाला बरं वाटतं. पण आमच्या सोसायटीतल्या बायका बँकेत जातात, योगाला जातात, किटी पार्टी करतात. डब्या चिकटवतात त्या गाळ्यांमागच्या चाळीतल्या बायका, असं आमच्याकडे सगळे समजतात, आणि मीही समजत होते. म्हणून मी माल आणायचे तो साडीच्या दुकानाच्या मोठ्या पिशव्यांतून. वॉचमन कौतुकानं म्हणायचा, "भाभी, बहुत शॉपिंग होता है आपका." मी हसून लिफ्टमध्ये शिरायचे.

ह्यांना हे ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं. काम सुरू करून आठवडा झाला असेल, एकदा जेवताना हे म्हणाले, "वास बाहेर जातोय. वरच्या सलोनीभाभी विचारत होत्या, आपके यहाँ पेंटिंग चालू है क्या. खिडकी लावून घेत जा." बस, एवढंच. काम कसलं, कुणाचं, एक अक्षर विचारलं नाही. मी बेडरूमची खिडकी लावली, फटीत जुना टॉवेल कोंबला, वरून चिकटपट्टी मारली. कुणी विचारलं तर डास येतात. पंखाही बंद, कारण पंख्यानं मखमलीचे तुकडे उडतात. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी हे सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर बसमधून उतरले की मला मिस्ड कॉल द्यायचे. मिस्ड कॉल आला की मी सगळा पसारा पलंगाखाली ढकलायचे, अगरबत्ती लावायचे, आणि हे दारात येईपर्यंत घरात नुसता कुकर शिट्ट्या मारत असायचा. तेव्हा मला वाटायचं, किती समजूतदार नवरा मिळालाय. चार वर्षं मी ह्याला समजूतदारपणा म्हणत होते.

तर चप्पल. चपलेनंतर पायांना मुंग्या, मग तळवे असे की पायाखाली फरशी आहे की गादी ते कळेना. कोपऱ्यावरच्या आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता दिवसभर?" मी म्हटलं, "काही नाही हो, घरीच असते." हे वाक्य आम्हा बायकांना इतकं पाठ असतं की ते खोटं आहे हेही लक्षात येत नाही. त्यांनी शुगर बघितली, थायरॉइड बघितलं, बी-ट्वेल्व्ह बघितलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की लोक पेढे वाटतात, मला रडू यायचं. एवढे पैसे भरून हातात काय, तर नॉर्मल. जिन्यावरून उतरताना मात्र पाऊल फटक् करून पडायचं आणि खालून येणारी माणसं वर बघायची. लाजेनं मी लोक गेल्यावर उतरायला लागले.

मग बोटं. ब्रश धरला तरी धरलाय की नाही कळेना. सोल्युशन मखमलीच्या वरच्या अंगाला लागायचं, डाग पडायचे. गाळ्यावरचा नाथा, जो माल मोजून घेतो, त्यानं एकदा तीन डझन डब्या माझ्यासमोर कचऱ्याच्या पिंपात टाकल्या आणि म्हणाला, "ताई, जमत नसेल तर सांगा, लाइनीत बायका आहेत." मी घरी येऊन पलंगावर बसून रडले. इशिता कॉलेजमधून आली, तिनं पाहिलं, बॅग फेकली आणि माझ्या हातातून ब्रश घेतला. "आई, सरक." त्या दिवसापासून ती रोज दोन-तीन तास माझ्या शेजारी बसायला लागली. मी मखमल दुमडून द्यायचे, सोल्युशन ती लावायची. तिची बोटं पातळ, काम माझ्याहून सुबक. मी म्हटलं, "बाबांना बोलू नकोस." ती म्हणाली, "मी कशाला बोलू? बाबांना तर घरात डब्या आहेत हेच माहीत नाही ना," आणि डोळा मारला. दोघी हसलो. ते हसणं आठवलं की आता मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पाय लंगडायला लागला तेव्हा हे मला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथे दर मंगळवारी नसांचे डॉक्टर बसतात आणि गरिबांना सवलत मिळते. सवलतीचा फॉर्म भरायचा. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. नाव, मनोरमा. वय, सत्तेचाळीस. व्यवसाय, गृहिणी. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "घरात अजून कोणी कमावतं का?" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "नाही." तेवीस वर्षांच्या संसारात आमचा सूर असा कधी जुळला नव्हता.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला फटकळ. ओपीडीत एका टेबलाला त्या, समोर मी, मागे बाकावर आठ-दहा पेशंट, सगळ्यांना सगळं ऐकू जाणार. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. टाचांवर चालायला सांगितलं, मला जमलं नाही. "दारू? तंबाखू? मिश्री? कुठल्या कारखान्यात वगैरे काम?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "छे छे मॅडम. हाउसवाइफ आहे. घरातच असते." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

नसांची टेस्ट लिहून दिली. हॉस्पिटलच्या मशीनला दोन महिन्यांचं वेटिंग होतं म्हणून सिल्व्हर पार्कला एका सेंटरवर केली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कॅश की कॅशलेस?" ह्यांनी पाकीट उघडलं, ते मेलेलं कार्ड दिसेल न दिसेल असं धरलं आणि म्हणाले, "मेडिक्लेम आहे, पण अप्रूव्हलला वेळ लागतो. आज कॅशच घ्या." ती मुलगी ह्यांना ओळखतही नव्हती. मी दुसरीकडे बघितलं. नवऱ्याची लाज वाटावी की कीव यावी ते मला ठरवता आलं नाही.

आत संजना नावाची टेक्निशियन होती. वायरी लावायच्या आधी ती कातडी स्पिरिटनं पुसते. माझी बोटं पुसताना थांबली. तर्जनीच्या टोकावरून तिनं नखानं पातळ पिवळट पापुद्रा सोलून काढला आणि उजेडात धरला. "काकी, हे काय? फेविकॉल?"

"मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट चाललाय. तिला मदत केली जरा."

"दोन्ही हातांना आहे."

"मोठा प्रोजेक्ट आहे."

तिनं पापुद्रा ट्रेमध्ये टाकला आणि वायरी लावल्या. झटके द्यायला लागली. लहान लहान झटके, पायापासून वर. पहिल्यांदा काही कळत नव्हतं, म्हणून ती वाढवत गेली, वाढवत गेली, आणि मध्येच एक असा बसला की मी ओरडले. ती म्हणाली, "सॉरी काकी, नस जवाब देत नाहीये ना, म्हणून जास्त द्यावा लागतो." मला वाटलं, बरोबर आहे. मीही कुठे जवाब देत होते.

रिपोर्टात दोन्ही पायांच्या आणि हातांच्या नसा कमजोर निघाल्या. मॅडम म्हणाल्या, कारण सापडत नाही तोवर औषध काय देऊ? पाठीचा एमआरआय, रक्ताच्या आणखी चार महागड्या टेस्ट, आणि त्यातही काही निघालं नाही तर घोट्याजवळून नसेचा तुकडा काढून तपासायचा. सवलत धरूनही आकडा असा होता की बसमध्ये ह्यांनी तो तिकिटाच्या मागे दोनदा लिहून बघितला. जेवताना हे म्हणाले, "दादाला सांगतो. एखाद्या रविवारी बोलवून घेतो." दादा म्हणजे माझे मोठे दीर, योगेंद्र भाऊजी. त्यांना पैसे मागायचे म्हणजे मेडिक्लेम का नाही ते सांगावं लागणार, म्हणजे नोकरीचं सांगावं लागणार. ह्यांनी भात तसाच ठेवला. त्या रात्री मला माझ्या पायांपेक्षा ह्यांचंच जास्त वाटलं.

मधल्या काळात काम चालूच होतं. लग्नसराईचा माल, नाथाला थांबवून चालत नाही. एकदा डब्या पोचवून येताना पाय इतके जड झाले की मी नवघर गावात द्वारकाबाईंच्या ओट्यावर टेकले. द्वारकाबाई तिथल्या जुन्या आगरी घरातल्या. एके काळी मिठागरं, भातशेती. आता जागेवर बिल्डिंगा उभ्या आहेत, भाडं येतं, दारात दोन गाड्या. आणि ही बाई रोज दुपारी ओट्यावर फतकल मारून डब्या चिकटवते, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारत. का, तर हात रिकामे बरे दिसत नाहीत म्हणून.

"तुजा पाय असा कं पडतंय गो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, डॉक्टरांना कळत नाहीये.

"आनी तू बसतंस कुटं कामाला?"

"बेडरूममध्ये."

"खिरकी उघरी हाय ना?"

मी वाकून पाय चोळायला लागले. त्यांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला. "बाय माझे, बंद खोलीन बसतंस? मरशील ना! ह्यो वास डोक्यान जातंय, अंगान जातंय. आमच्या शेजारची एक पोर बॅगांच्या कारखान्यान व्हती, तिचं पाय असंच गेलं व्हतं. म्हनून आमी वट्यावर बसतों. वारा लागला पायजे."

"लोक बघतात हो," मी म्हटलं.

"बगू दे. लोकांना कं काम हाय दुसरं?"

मी उठले, रिक्षा केली. आता कुणी विचारलं की कळलं कधी, तर खरं उत्तर हे आहे. त्या दुपारी. द्वारकाबाईंच्या ओट्यावर. मला सगळं कळलं होतं, संजनाच्या बोटांतल्या पापुद्र्यासकट. आणि मिस्ड कॉल आल्यावर पसारा ढकलतात तसं मी ते पलंगाखाली ढकललं. डॉक्टरला सांगायचं म्हणजे सवलतीच्या फॉर्मवर खोटं लिहिलंय ते निघणार. ह्यांच्यादेखत सांगायचं म्हणजे चार वर्षं ह्यांनी जे न बघण्याची मेहनत घेतली ते त्यांच्या पुढ्यात आदळायचं. मनात म्हटलं, सीझन संपू दे, काम आपोआप बंद होईल, मग बघू. एकोणीस दिवस मी असं म्हटलं. त्या एकोणीस दिवसांत इशिता रोज माझ्या शेजारी बसत होती, खिडकी बंद. मी तिला उठ म्हटलं नाही.

मग तो मंगळवार. एमआरआयचा कागद सही करून घ्यायला आम्ही दोघं मॅडमकडे निघालो होतो. आदल्या रविवारी भाऊजी येऊन गेले होते, हे आत बसून त्यांच्याशी बोलले होते आणि बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. पैसे मिळाले होते. इशिताला परीक्षेची सुट्टी होती. दुपारपर्यंत बारा डझन द्यायच्या होत्या, त्या ती एकटी पुऱ्या करणार होती. लिफ्ट बंद होती म्हणून ती मला हात धरून खाली सोडायला आली. हे रिक्षा थांबवायला पुढे गेले होते. पहिल्या मजल्यावर तीच अडखळली आणि मी तिला सावरलं.

"तुझी लागण झाली मला," ती हसत म्हणाली. "अगं, माझ्या पण पायाला मुंग्या येतात हल्ली. बसून बसून असेल. परवा तर कॉलेजच्या गेटपाशी चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही. मागून एका मुलीनं हाक मारली, ए, तेरी चप्पल! एवढी लाज वाटली ना आई."

खालून ह्यांनी हाक मारली. मी उतरले, रिक्षात बसले. इशितानं हात हलवला आणि कठड्याला धरून वर गेली. तिला जाऊ नको, त्या खोलीत बसू नको, एवढं ओरडून सांगायचं होतं. रिक्षा सुटली. ह्यांच्या मांडीवर पैशांचं पाकीट होतं आणि त्यावर ह्यांनी दोन्ही हात ठेवले होते.  भाईंदरचा पूल येईपर्यंत मी फक्त त्या हातांकडे बघत होते.

ओपीडीत गर्दी होती. मॅडमनी कागद घेतला, पेन उघडलं. हे अजिजीनं म्हणाले, "मॅडम, अजून थोडं कन्सेशन बसलं तर बघा ना. एकाच पगारावर चाललंय सगळं. मिसेस घरीच असते."

"मी डब्या चिकटवते," मी म्हणाले.

आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला.  मॅडमनी मान वर केली. "काय करता?"

"दागिन्यांच्या डब्यांना आतून मखमल लावते. सोल्युशननं. चपलेला लावतात ते. घरी. चार वर्षं झाली. रोज सात-आठ तास."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खोलीला खिडकी?"

"आहे. बंद असते."

"पंखा?"

"बंद."

मग त्यांनी असा आवाज चढवला की दारातला वॉर्डबॉयही वळला. "मी विचारलं होतं ना तुम्हाला? इथेच बसून विचारलं होतं. कारखाना, केमिकल, काही आहे का? एवढ्या टेस्ट केल्या, सुया टोचल्या, आता पाठीचा एमआरआय काढायला निघालो होतो. का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

"कसली? चोरी केली का?"

 उत्तर होतं, पण ते आठ-दहा परक्या माणसांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही चाळीतून वर आलो होतो आणि परत खाली दिसायचं नव्हतं, एवढंच ते होतं. बोलून दाखवलं असतं तर फार फार क्षुल्लक वाटलं असतं.

"खिडकी मी लावायला सांगितली, मॅडम," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. हे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. ही सांगेल तर मला हो म्हणावं लागेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. वास बाहेर जायला नको म्हणून खिडकी मीच..."  मागे कुणीतरी खोकलं. आमच्यातला तो चार वर्षांचा नाजूक व्यवहार असा मंगळवारच्या ओपीडीत उघडा पडला, आणि मला वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही. अंगावरचं लुगडं सुटल्यासारखं वाटलं.

मॅडमचा आवाज उतरला. त्यांनी एमआरआयचा कागद फाडला, केसपेपरवरच्या 'गृहिणी'वर काट मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, त्या सोल्युशनच्या वासानंच हे झालेलं असणार, त्यांनी असे पेशंट पाहिलेत. काम आजच्या आज बंद. डब्यावर काय छापलंय त्याचा फोटो आणा. बंद केल्यावरही दोन-तीन महिने आणखी वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नका, मग हळूहळू उतरायला लागेल. पूर्ण बरं होईल का, ते आत्ता सांगता येत नाही. मी ऐकत होते आणि वाट बघत होते, कारण पुढचा प्रश्न काय असणार हे मला ठाऊक होतं.

"त्या खोलीत तुमच्याबरोबर अजून कोण बसतं?"

"मुलगी अभ्यास करते तिथे," हे पटकन म्हणाले.

"अभ्यास नाही," मी म्हटलं. "सोल्युशन ती लावते. माझी बोटं गेल्यापासून. आता तिची चप्पल निसटते आणि तिला कळत नाही."

हे माझ्याकडे बघायला लागले. एवढं एकच त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता.

"आत्ता कुठे आहे ती?" मॅडमनी विचारलं.

"घरी," मी म्हणाले. "माल आज द्यायचाय."

ह्यांनी पाकीट माझ्या मांडीवर टाकलं आणि तिथेच, टेबलाशेजारी उभं राहून फोन लावला. दोनदा चुकीच्या जागी बोट लागलं. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत तिकडून कट झाला. इशिताला वाटलं असणार मिस्ड कॉल, पसारा आवरायला घेतला असणार तिनं. ह्यांनी परत लावला. परत लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"इशू, ब्रश ठेव," हे म्हणाले. "आवरू नको काही. खिडकी उघड. हो, ती खिडकी. नाही, कोणी येत नाहीये... अगं बघू दे. तू उघड आधी. मी फोन ठेवत नाही."

सगळी ओपीडी आमच्याकडे बघत होती. फोन कानाला दाबून हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले, डोळे भरलेले.

"ती म्हणतेय उघडत नाहीये."

"फटीत टॉवेल आहे," मी म्हणाले. "चिकटपट्टी काढायला सांगा आधी. मग टॉवेल. मग सरकेल."

ह्यांनी तसंच तिला सांगितलं, एकेक करून, आणि काच सरकल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन धरून उभे राहिले.